चंद्रोदय टॉकीजचा लेडीज दरवाजा

कर्जतच्या चंद्रोदय टॉकीजच्या पडद्यावर कोण कोण नाचून गेलं ते लोक विसरले असतील, पण लेडीज दरवाजावरच्या जयवंताला विसरून दाखवावं कुणी! अर्ध्या तालुक्यातली माणसं तान्ही असताना तिच्या झोळीत निजलेली आहेत.

त्या काळी बायकांची बसायची जागा वेगळी आणि दारही वेगळं. माथेरानला हातरिक्षा ओढणारा तिचा नवरा, हिरामण, तापानं गेला आणि पोशीरची जयवंता टॉकीजात झाडलोट करायला आली. शेटनी तिला बायकांच्या दारावर बसवलं. भातकापणी उरकली की गावोगावच्या बाया पोरं कडेवर घेऊन पिक्चरला यायच्या. पोरं अंधारात भोकाड पसरायची, पुरुष शिव्या घालायचे, की बिचाऱ्या मध्येच उठून बाहेर. जयवंताचं डोकंच फिरलं. तिनं दारामागच्या बोळात जुन्या लुगड्यांच्या झोळ्या टांगल्या. "द्या गं पोरं हितं, आन् बसा निवांत!" नियम एकच. ज्या हातानं पोर दिलं, त्याच हातात परत जाणार. एका मामलेदाराला तिनं त्याच्याच नातवासाठी पिक्चर सुटेपर्यंत ताटकळत ठेवलं होतं, आता बोला!

पुढं घरोघरी टीव्ही आला, मग हातोहाती मोबाईल आले आणि टॉकीजची रया गेली. शेटचा नातू अनुपम वाईट माणूस नाही, पण त्यानं तरी किती दिवस रिकाम्या खुर्च्या सांभाळायच्या? जागा विकली. शेवटच्या दिवशी दुपारचा खेळ बायकांना फुकट, आणि संध्याकाळी किल्ल्या बिल्डरच्या हातात. अनुपमनं जयवंताला गाडी पाठवून बोलावलं. म्हातारीनं त्याच बोळात पुन्हा झोळ्या बांधल्या, आणि काय सांगावं, बायकांनी पोरं आणून दिलीसुद्धा.

इंटरव्हलनंतर एक जण बोळात आला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी गोड.

"आजी, त्या निळ्या टोपड्यातला मुलगा माझा. द्या."

"तुजा आसंल रं. आई यील तवा तिच्या हातात दीन."

त्यानं मोबाईल पुढं धरला. बारशाचे फोटो, पोर त्याच्याच मांडीवर. खोटं काहीच नव्हतं.

"बरं, बोलावते तिला," जयवंता म्हणाली.

"नको!" तो दचकूनच बोलला. "बघू दे तिला पिक्चर. मी नेतो घरी."

त्या एका 'नको'नं जयवंता सावध झाली. स्वतःचं पोर घरी न्यायला आईची चोरी कशाला? तिनं पोर झोळीतून उचललं आणि छातीशी घट्ट धरलं.

आवाज ऐकून अनुपम धावत आला. त्यानं फोटो पाहिले. "मावशी, बाप आहे तो. देऊन टाका. आज शेवटच्या दिवशी तमाशा नको."

"बाप हाय, मी कुठं नाय म्हनते? पर मला ह्यानं दिल्यालं नाय."

गोड बोलणं तिथंच संपलं. त्या बापानं म्हातारीचं मनगट पिरगाळलं. पोर किंचाळलं. जयवंतानं त्याला कोपरानं ढकललं, "हर्षले, बाकीची बघ गं!" असं कँटीनवालीला ओरडून सांगितलं आणि दाराचा पडदा सारून आत घुसली.

आत मिट्ट काळोख, आणि त्यात शे-सव्वाशे बाया. आई शोधायची कशी? जयवंता सरळ पडद्यासमोरच्या चौथऱ्यावर चढली आणि झोतात उभी राहून पोर वर धरलं.

"ह्ये कुनाचं हाय गं?"

मधल्या रांगेतून एक पोरगी खुर्च्यांना ठेचकाळत धावली. "माझं! आजी, माझं!" दारात ज्या हातांनी पोर दिलं होतं तेच हात. जयवंतानं पोर तिच्याकडे दिलं. मग रियाला, त्या पोरीला, दारात उभा नवरा दिसला आणि ती पोराला कवटाळून जयवंताच्या मागं सरली.

"साजगावहून पळून माहेरी आलेय मी," ती म्हणाली. "रोज मारतो. म्हणतो, पोराला असं लपवीन की तोंडसुद्धा दिसणार नाही."

सगळ्या टॉकीजनं ते ऐकलं. आता अनुपमची मान खाली गेली.

नवरा मात्र हसला. "बस, किती बसतेस ते बघतो. पिक्चर कधीतरी सुटेलच ना? मी बाहेर उभा आहे."

खरंच, पिक्चर संपायला आला होता. हर्षलानं पोलिसांना फोन लावला, "पाठवतो" म्हणाले. रियाचा भाऊ संतोष टेंपो घेऊन पनवेलला गेलेला, त्यालाही कळवलं, पण यायला वेळ लागणार. फाटकाशी बिल्डरचा माणूस किल्ल्यांसाठी खोळंबलेला. काय करावं कुणालाच सुचेना. आणि पडद्यावर शेवटची नावं पडायला लागली.

"अनुपमशेट," जयवंता चौथऱ्यावरूनच म्हणाली, "पिक्चर पयल्यापासून लावा."

अनुपमनं एकदा फाटकाकडे पाहिलं, एकदा त्या पोरीकडे. मग त्यानं स्वतःच्या हातानं तिच्या नवऱ्याच्या तोंडावर दार लावलं, कडी घातली आणि वर केबिनमधल्या मशीनवाल्याकडे बघून ओरडला, "किशोर, परत पहिल्यापासून!"

उठलेल्या बायका पुन्हा खाली बसल्या. रियाला मध्ये घेतलं, चहूबाजूंनी. जयवंतानं झोळ्यांतली पोरं एकेक करून आत आणली आणि ज्या त्या हातात दिली. बाहेर दारावर आधी नवऱ्याच्या लाथा बसल्या, मग बिल्डरच्या माणसाच्या थापा. घरून फोन येत होते, स्वयंपाक खोळंबले होते. पिक्चर दुसऱ्यांदा संपला, किशोरनं न विचारता तिसऱ्यांदा लावला.

पोलीस आणि संतोष दारात उभे राहिले तेव्हाच चंद्रोदयचा शेवटचा खेळ सुटला. तोवर एकही बाई जागची हलली नव्हती.