मॅपिंग फाईलमधली माझी ओळ

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — पण मान खाली घालून नाही, हे आधीच सांगून ठेवते.

युनिकोड नुकतं येत होतं तेव्हाची गोष्ट. उल्हासनगरात एका डीटीपीच्या दुकानात मी मराठीचं काम बघायचे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये न्यायचं एक सॉफ्टवेअर होतं आणि त्याची एक साधी फाईल — डावीकडे जुनं, उजवीकडे नवं. जोडाक्षरं फुटली की त्या फाईलमध्ये ओळी घालायच्या, हे माझं काम. बाकी कोणी तिला हातही लावायचं नाही.

बदलापूरकडचे एक निवृत्त मास्तर आपल्या गावाचा इतिहास घेऊन आले. मुलाला तो इंटरनेटवर टाकायचा होता. माणूस चांगला — येताना जांभळं आणायचे, मला "बाळ" म्हणायचे. पण पुस्तकात आमच्या लोकांच्या वस्तीला पानोपानी "महारवाडा". माझे आजोबा छप्पन्न साली बौद्ध झाले. तरी आम्ही अजून तेच? मी मास्तरांना विचारलंसुद्धा. ते हसले. "अगं, जुनं नाव आहे. इतिहासात तसंच लिहितात."

तुम्ही काय केलं असतं?

मी एक ओळ घातली. डावीकडे तो शब्द, उजवीकडे "बौद्ध". वाडा, वस्ती, प्रत्यय — एकेक रूप लिहायचा कंटाळा केला, नुसता मूळ शब्द टाकला — "महार". फाईल चालवायचं काम हरेशचं. शेजारी बसणारा सिंधी ऑपरेटर — मराठी टायपिंग त्याला मीच शिकवलेलं. प्रूफ आधीच तपासून झालेलं. बदललेला मजकूर पुन्हा कोण वाचतं?

पण ती अक्षरं महाराष्ट्रातही आहेत. महाराजांतही.

गावच्या शाळेत प्रकाशन झालं, मीही गेले होते. मास्तरांनी पडद्यावर पहिलं पान लावलं — "बौद्धाष्ट्र". खाली कुठेतरी "बौद्धाज". शाळा खदखदून हसली. मास्तर माईक धरून तसेच उभे. मलाही हसू आलं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी दुकानात जाऊन मी ती ओळ पुसली. शेठनी विचारलं, "किसने किया?" हरेश म्हणाला, "मैंने तो सिर्फ बटन दबाया, शेठ. ताईला विचारा ना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी म्हणाले, "त्याला मराठी कुठे धड वाचता येतं?"

एवढंच. जेवणाच्या सुट्टीआधी हरेशने आपला डबा उचलला आणि गेला, तो पुन्हा कामावर आलाच नाही.

शब्द बदलला त्याची मला लाज नाही. मास्तरांची फजिती झाली — होऊ दे. आजही बदलेन, एकेक रूप लिहून बदलेन. पण ते वाक्य? ते आजोबांसाठी नव्हतं, वस्तीसाठी नव्हतं. तो सिंधी आहे म्हणून सगळ्यांना पटेल, हे मला पक्कं ठाऊक होतं — म्हणूनच ते तोंडात आलं.

काही वर्षांनी अंबरनाथला, शिवमंदिराच्या रस्त्यावर तो भेटला. मोबाईलच्या कव्हरांची गाडी लावलेली. बायकोला हाक मारून म्हणाला, "ह्या माझ्या गुरू. मराठी ह्यांनीच शिकवली."

मी हसले. मुलं कितवीत आहेत विचारलं, आणि रिक्षाला हात केला.