दाजींची न झालेली कावीळ

जमैकाला जायचं असेल, तर राणीसावरगाववरून जाऊ नये. हा सल्ला अनुभवाचा आहे. अनुभव माझ्या दाजींचा आणि सल्ला माझा, एवढाच काय तो फरक!

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. दाजी गणिताचे मास्तर. त्यांना जमैका नावाच्या बेटावरच्या शाळेत नोकरी लागली आणि आमच्या घरात आनंदाला नुसतं उधाण आलं! मी पूर्णा स्टेशनात तिकीटबाबू. स्वतः नांदेडच्या पुढे फारसा गेलो नव्हतो, पण तिकिटं पार मुंबईची द्यायचो. त्यामुळे प्रवास म्हटला की घरात शब्द माझा!

निघण्याआधी काय काय करायचं, याचा इंग्रजी कागद आला. तो अर्थातच मी वाचला. (माझं इंग्रजी मॅट्रिकचं. दुसऱ्या खेपेचं, पण मॅट्रिकचंच!)

"दाजी, समदं ठीक हाय. फक्त पिवळ्या तापाचा दाखला पायजे."

"पिवळा ताप म्हंजे?"

"कावीळ!"

"अगं बाई, मग राणीसावरगावला एक बाबा कावीळ उतरवतेत की!" अक्का, म्हणजे माझी बहीण, म्हणाली.

"पर मला कावीळ झालीच न्हाई!" दाजी ओरडले.

"म्हणूनच आत्ता उतरवा. तिकडं झाल्यावर कोन उतरवनार?" मी म्हणालो.

या बिनतोड हिशेबापुढे गणिताच्या मास्तरांनी मुकाट पायात चपला घातल्या.

राणीसावरगावच्या म्हाताऱ्या बाबांनी दाजींच्या हातांना कसलासा पाला आणि चुना चोळला, परातीत हात धुवायला लावले. पाणी पिवळंधमक! अंगात नसलेली कावीळ अर्धी परात निघाली!

"लय मुरलेली हुती," बाबा म्हणाले. दाखला मागितला तर म्हणाले, "मला लिवता येत न्हाई. तू लिव, मी अंगठा देतो."

मी तिथेच ओट्यावर बसून झोकात इंग्रजी लिहिलं. त्याचा मराठी अर्थ असा: 'या गृहस्थांना फार जुना पिवळा ताप होता. आम्ही तो परातीत काढला आहे.' खाली बाबांचा अंगठा.

मुंबईच्या विमानतळावर डॉक्टरांनी तो कागद वाचला आणि तोंडाला रुमाल लावून दोन पावलं मागे सरकले.

"यांना पिवळा ताप होता?"

"होता की! लय मुरलेला!" मी अभिमानाने सांगितलं.

"न्हवता! मला काहीच न्हवतं!" दाजी किंचाळले.

"साहेब, ते घाबरायलेत," मी समजूत घातली.

झालं! दाजींना एका काचेच्या खोलीत कोंडलं आणि विमान त्यांच्याशिवाय उडालं. आता नोकरीही जाणार! काचेपलीकडून दाजी माझ्याकडे बघत होते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी उलगडा झाला. पिवळा ताप हा वेगळाच रोग. त्याची साधी सुई टोचून घ्यायची, की दाखला हातात! दाजींनी सुई घेतली, शाळेला तार केली, नियमाप्रमाणे दहा दिवस थांबले. शाळा बिचारी समंजस, तिने वाट पाहिली. दाजी अखेर विमानात चढले, तेव्हा मी आनंदाने विमानतळावर अक्षरशः रडलो. (दाजींनी मला सोडायला यायला मनाई केली होती, तरी गेलो!)

सहा महिन्यांनी त्यांनी अक्काला बोलावून घेतलं. प्रवासाच्या तयारीचं सविस्तर पत्र आलं: 'सुती लुगडी आण, हितं परभणीसारखंच ऊन हाय. लोणच्याचा डबा घट्ट बांध. सुई टोचून घे. अन् काय बी झालं तरी तुज्या भावाला एक अक्षर इचारू नको, ते गाढव हाय.'

अक्काला वाचता येत नव्हतं. पत्र मीच मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटची ओळ तीनदा, कारण ती तिला फार पटली!