सहल जाईल, बहुतेक

ओमेश्वरी पटले रोज सौंदडहून गोंदियाला आणि तिथून दुसऱ्या गाडीनं आमगावला जायची. तिथल्या एका खाजगी शाळेत ती इंग्रजी शिकवायची. अंधारात डबा करून निघायचं, दिवस मावळल्यावर परतायचं. तोवर सासूबाईंनी भात टाकलेला असे आणि हिला जेवायचाही कंटाळा आलेला असे. नोकरी अजून तात्पुरतीच होती. "पुढच्या वर्षी नक्की," असं मुख्याध्यापक खेमराज सर दर वर्षी म्हणत. आताशा ती नुसती मान हलवायची.

फेब्रुवारीत सातवीची सहल नवेगावबांधला न्यायचं ठरलं. त्याच आठवड्यात ती वर्गात हवामानाचे नि प्रवासाचे अंदाज कसे सांगायचे ते शिकवत होती. खात्री असली तर विल, बरीच शक्यता असली तर लाइकली, होईल किंवा नाही होणार असं असलं तर मे, आणि अगदीच पुसट शक्यता असली तर माइट. पोरं सगळीकडे विलच लिहीत. त्यांना सहल हवी होती, पाऊसपाणी नको होतं. या दोहोंच्या मध्ये काही असतं हे त्यांना पटत नव्हतं.

मोबाइलवर मात्र सहलीच्या दिवसापुढे 'रेन लाइकली' दिसत होतं. म्हणून पालकांच्या इंग्रजी नोटिशीत तिनं लिहिलं, बस मे लीव्ह. खेमराज सरांनी मे खोडून विल केलं.

"मॅडम, मे वाचलं तर अर्धे पालक पोरं धाडायचेच नाहीत."

"पण सर, पाणी येण्याची बरीच शक्यता आहे."

"ते पाहून घेऊ तेव्हाचं तेव्हा."

तिच्या गाडीची वेळ झाली होती. वाद घालायला अंगात त्राणही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुंजन नावाच्या विद्यार्थिनीची आजी, अनुसयाबाई, नोटीस घेऊन फाटकापाशी उभी होती.

"का जी मॅडम, ह्याच्यात का लिवलं हाये? सहल जाईन का नाई जाईन?"

"जाणार, असं लिहिलंय."

"ते लिवलेलं राहू द्या. तुमाले का वाटते?"

ओमेश्वरीनं नोटीस तिला परत दिली. "जाऊ बहुतेक. पण पाणी आलं तर अर्ध्या रस्त्यातून परत यावं लागन. स्वेटर द्या तिले, प्लास्टिक द्या."

"मंग असं लिवाचं ना. कायले इंग्रजी झाडता?"

त्यानंतर विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला ओमेश्वरीनं हेच सांगितलं. पोरं आली, प्लास्टिक घेऊन आली.

निघताना ऊन होतं. देवरी सुटल्यावर आभाळ काळवंडलं आणि कोहमाऱ्याला गारा पडू लागल्या. ड्रायव्हरनं बस पेट्रोल पंपाच्या छपराखाली घेतली. तासभर वाट पाहूनही पाणी थांबेना, तेव्हा खेमराज सर म्हणाले, "फिरवा गाडी." मग ते तिच्याकडे वळले. "मॅडम, सौंदड तर इथंच आहे. तुम्ही उतरा, घरी जा. पोरांना मी नेतो."

घर खरंच जवळ होतं. ओल्या चपलांत पाय ठणकत होते. तिला आपली खाट दिसली, अंगावर ओढायची गोधडी दिसली. मागं दोन पोरी ओकत होत्या आणि सरांना त्यांची नावंही ठाऊक नव्हती. लोकांनी पोरं धाडली होती ती तिच्या बोलण्यावर.

"नाही सर. चला," ती म्हणाली आणि त्या दोघींजवळ जाऊन बसली.

वाटभर फोन वाजत राहिला. कवा पोचता जी, कवा पोचता. "बहुतेक दिवे लागायच्या आत," ती प्रत्येकाला सांगत गेली. दिवे लागून गेल्यावर बस आमगावला पोहोचली. आपापलं पोर घेऊन लोक निघाले.

अनुसयाबाई मात्र थांबली. "तुमी आता कशा जान?"

"गोंदियापर्यंत जाईन. पुढची गाडी मिळते का, सांगता येत नाही."

"मंग कायले जाता? आमच्या घरी चाला. भात रांधला हाये."

ओमेश्वरीनं सासूबाईंना फोन लावला. "राह्य तिथंच," त्या म्हणाल्या. अनुसयाबाईनं ताट वाढून आणलं, तोवर ती भिंतीला टेकून झोपली होती.