गच्चीवरची बारदानं

जिन्यात ओल्या बारदानाचा वास आला की अजूनही मी घरात जाऊन आधी नळ तपासते. नवी मुंबईत, उलव्याला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर बाबांनी मेथी आणि वांगी लावली होती. ते मार्केटमध्ये हमाली करायचे, येताना फाटकी बारदानं आणि सडका पाला आणायचे, त्यातच माती भरायचे. पाणी घालणं माझ्याकडे होतं, आणि एकदा शाळेच्या घाईत पाइप चालूच राहिला. संध्याकाळी सेक्रेटरी दारात. "खाली छत गळतंय. आजच हे शेत हटवा." बाबांनी मला विचारलं, "नळ बंद केलेलास ना?" मी मान डोलावली. गच्चीखालच्या घरात एक काकू राहायच्या, त्यांची भातशेती नव्या विमानतळाच्या जागेत गेलेली. सेक्रेटरीने त्यांनाच वर आणलं. काकूंनी बारदानात बोटं खुपसली. चिखल वर आला. मी पाइपजवळच उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बोटं पदराला पुसली आणि सेक्रेटरीला म्हणाल्या, "गळतंय ते पानी वरच्या टाकीचं हाय. या शेताला हात नको लावू." आता मी दुसऱ्या सोसायटीत अगदी वरच्या मजल्यावर राहते. गच्चीवर कुणीतरी टोमॅटो लावलेत. स्वयंपाकघराच्या छतावरचा ओला डाग रोज थोडा पसरतो, मी रोज त्याच्याकडे बघते. काल इथले सेक्रेटरी गळतीचं विचारायला आले होते. मी म्हटलं, टाकी बघून घ्या.