फळीवरची बाई
प्लॅस्टिक चिकटवायच्या डिंकाचा वास आला की अजूनही माजलगावच्या आमच्या खोलीतली ती दुपार आठवते. ऊसतोडीच्या फडाचं मॉडेल पूर्ण करून मी थकून बसलो होतो. खऱ्याच्या बत्तिसाव्या भागाएवढा ट्रॅक्टर, मागे ट्रॉली, तिला टेकवलेली फळी आणि फळीवर डोक्यावर उसाची मोळी घेतलेली बाई. ट्रॅक्टरच्या मापाची माणसं कुठं मिळालीच नाहीत, म्हणून बहात्तराव्या भागाची आणून रंगवली होती. एवढं कुणाला कळतंय, असं वाटलं होतं. उभी हयात ऊसतोडीत गेलेली आई कंबर धरत शेजारी बसली. बराच वेळ बघून म्हणाली, "ही बाई लई बारकी हाय रं. ट्रॉलीच्या चाकाएवढीबी न्हाई. मोळी वर टाकंल कशी?" मी वैतागून मापांतला फरक समजावला आणि म्हटलं, मोठी माणसं मागवतो. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "तू पोटात व्हतास, तवा ट्रॉली मला येवढीच उंच दिसायची." मागवलेली माणसं नंतर आली, अगदी बरोबर मापाची. आता वयानं माझीही कंबर दुखते, पण त्या माणसांचा डबा मी अजून उघडलेला नाही.