मावशीच्या वाट्याची हळद

तो पिक्चर पाहून थिएटरबाहेर आले तेव्हा माझं डोकं फिरलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते अजून जागेवर आलेलं नाही.

आमच्या खान्देशातल्या एका नावाजलेल्या बँडच्या गाण्यांवर तो काढलाय. इथे सुरतेत बमरोलीपासून चलथाणपर्यंत आमच्या लोकांचं एकही लग्न या गाण्यांशिवाय लागत नाही, त्यामुळे सगळी सोसायटी रिक्षा भरभरून निघाली. गाणी आधीची, गोष्ट मागून चिकटवलेली. हिरो लूमच्या कारखान्यात गातो आणि हिरॉईनला पार दुसऱ्या टोकाला ऐकू येतं! अहो, माझ्या नवऱ्याचे कान त्याच लूमनी घालवले. चालू कारखान्यात शेजारचा बोंबलला तरी कळत नाही. तेही मी हसण्यावारी नेलं. पण मग हळदीचं गाणं आलं.

ते गाणं माझ्या आईचं. आई सुरतेला आली ती तिच्या थोरल्या बहिणीचं बोट धरून. ती माझी मावशी. ना पोर ना बाळ, लवकर गेली बिचारी. आमच्यात हळदीच्या गाण्यात नात्यातल्या एकेकीला हाक मारतात, आणि जी येऊ शकत नाही तिच्या वाट्याची हळद दुसरी कुणीतरी लावते. मावशीला तापीवर पोचवलं होतं, म्हणून आईने गाण्यात एक ओळ स्वतःची घातली: 'तापीना पल्याड मन्ही बहीण, तिना वाटानी हयद ठेवा.'

बँडच्या मास्तरांनी एका लग्नात ते ऐकलं. आमच्या खोलीत आले, खाटेवर बसले, आईकडून पुन्हा म्हणवून घेतलं. म्हणाले, "बहिणीची ओळ ठेवू ना, माय?" आई म्हणाली, "तेच तर गानं शे." त्या भल्या माणसाने ठेवली. कॅसेटवर ती ओळ आली की वाजवणारे सगळे थांबायचे, नुसता गळा ऐकू यायचा.

पिक्चरमध्ये ती ओळच नाही. तिथे चार टगे कंबर हलवत 'हाय हाय' करतात आणि हिरॉईनला हळद फासतात. चाल दुप्पट पळवलेली. लोक शिट्ट्या मारत होते आणि माझ्या शेजारी आई तोंडाला पदर लावून बसली होती. मेल्यांनो, एवढीशी ओळ! तिने तुमचं काय घोडं मारलं होतं?

पुढच्याच महिन्यात माझ्या मुलीचं लग्न होतं. हळदीला तूच गायचंस, असं आईला सांगितलं तर तिने मान हलवली. "नही वं माय. आते ते पिच्चरनं गानं व्हयनं. म्हतारी नक्कल करस म्हनतीन." मावशीला हाक मारणारी जगात ही एकटी. ही गप्प झाली की मावशी संपलीच.

घरात कुणाला त्याचं काही नाही. मुलीने मैत्रिणी जमवून पिक्चरच्याच स्टेप बसवल्या. मी ओरडले तर म्हणते, "मम्मी, मूड नको बगाडू ना. बधा आ ज करे छे." सगळे हेच करतात, झालं! म्हटलं, अगं, मावशीचं गाणं आहे ते. तर म्हणे, "कोणती मावशी?"

हळदीच्या दिवशी भेस्तानच्या आमच्या बिल्डिंगखाली मांडव घातला होता. डीजेने ते 'हाय हाय' सुरू केलं आणि मी सरळ जाऊन त्याची वायर उपटली. नवरा म्हणाला, "अगं, पाहुणे बसलेत." बसू देत! आईला पाटाशेजारी बसवलं, हळदीची वाटी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "म्हण. तुला माझी शपथ आहे."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि सुरू केलं. ती पिक्चरच्या चालीत गात होती! महिनाभर प्रत्येक ओट्यावर, प्रत्येक मोबाईलवर, प्रत्येक रिक्षात तीच चाल, आणि तिने आईच्या गळ्यातली चाल पुसून टाकली होती. मुली खूश. टाळ्या काय, "वाह आजी" काय! असा संताप आला की समोरची हळदीची परात उचलून भिरकावून द्यावी. पण कुणावर? ज्यांच्यावर भिरकावायची ते तर तिथे नव्हतेच.

गाण्यात काकू झाली, आत्या झाली, मामी झाली. बहिणीच्या ओळीपाशी आई अडली. त्या पळत्या चालीत त्या ओळीला जागाच नव्हती. तिने पुन्हा मागून धरलं, पुन्हा तिथेच अडली. घाबरून माझ्याकडे बघायला लागली. "पुढे काय व्हतं वं माय?"

मी तोंड उघडलं, तर माझ्याही डोक्यात तो मेला डीजेच वाजत होता. मग मी गायलेच नाही. चालू कारखान्यात नवऱ्याला हाक मारावी तशी ओरडून बोलले, "तापीना पल्याड मन्ही बहीण! तिना वाटानी हयद ठेवा!"

टाळ्या थांबल्या. आईने वाटीत बोट बुडवलं आणि नातीच्या गालाला लावलं. "ही तिनी."

"कोणाची, आजी?"

आईने मावशीचं नाव सांगितलं. मुलीने ते हळूच म्हणून पाहिलं, आणि दुसरा गाल पुढे केला.

तेवढ्यात मागून डीजेवाला उपटलेल्या वायरकडे बोट दाखवत विचारतो, "बेन, हवे चालू करूं?"

"हात तर लावून बघ," मी म्हणाले.