मागची सीट कोरी

"खोटं लिहू नका जी, ताई." दुकानात पाय ठेवला की काकांचं पहिलं वाक्य हेच. मग खुर्ची उचलून ते माझ्या डाव्या हाताला मांडायचे आणि मान जराशी माझ्याकडे कलती करायचे. हिंगण्याच्या कारखान्यात तीस वर्षं प्रेस मशीनवर काढली, डावा कान तिथंच ठेवून आले. समोरचा माणूस आपल्या उजवीकडे घेतल्याशिवाय ते बोलायचेच नाहीत.

धरमपेठेत माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. लग्नाच्या बायोडाट्यात 'निर्व्यसनी', घराच्या जाहिरातीत 'बसस्टॉप दोन मिनिटांवर', असं बिनदिक्कत ठोकून देण्यावर माझं पोट. आणि हा माणूस मला खरं लिहायला सांगत होता, तेही गाडी विकताना!

गाडी विलायती. जुनी, चार जणांची, कापडी टप मागे दुमडून उघडी करता येणारी. कोळसा खाणीच्या एका पडक्या बंगल्यात ती काकांना सापडली, तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. निवृत्तीनंतर नऊ वर्षं घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये काकांनी तिला उभी केली. जे पुर्जे मिळाले नाहीत ते स्वतः घडवले.

"डाव्या दारात आतून गंज आहे, लिहा. वेगाचा काटा जास्त दाखवते, लिहा. पावसात टप गळते, लिहा."

"अहो काका, ही जाहिरात आहे की कबुलीजबाब?"

"गाडी खोटी नाही, मग कागद काहून खोटा?"

कौतुकाची एकच ओळ त्यांनी सांगितली: 'मागच्या सीटवर आजवर कोणीही बसलेलं नाही.' नवं चामडं चढवलं त्या दिवसापासून त्यावर प्लास्टिक होतं. आपल्याकडे सोफ्यावरचंसुद्धा निघत नाही, ही तर विकायची वस्तू.

त्या दिवशी काकू सोबत होत्या. फुप्फुसांच्या दुखण्यानं पार थकलेल्या. चार शब्द बोलल्या की थांबायच्या.

"मी म्हणते, टप उघडा टाकून अंबाझरीपर्यंत एक चक्कर. बस. पण हे बसूच देत नाही वं पोरी."

"अवं, कोरी सीट पाहून गिऱ्हाईक लवकर येते," काका म्हणाले. "गाडी गेली की तुह्या इलाजाचं पाहता येते. समजत काहून नाही तुले?"

काकू माझ्याकडे बघून हसल्या. मी शहाणी! 'अहो, न्या की त्यांना एकदा' म्हणायचं सोडून मी ती ओळ ठळक केली आणि म्हटलं, "काका, ही ओळ गाडी विकून देते बघा."

गिऱ्हाइकं आली. कोणाला नवरदेव मिरवायला गाडी हवी होती, कोणाला हॉटेलच्या दारात उभी करायला. बघायचे, फोटो काढायचे आणि जायचे. सीट कोरीच राहिली.

मग एका दुपारी काका आले. खुर्ची माझ्या डाव्या हाताला मांडली. "ताई, ते सीटवाली ओळ खोडा."

"वा काका! नेलं म्हणायचं शेवटी काकूंना!" मी ओरडलेच.

"नेलं न." ते स्क्रीनकडे बघत होते. "डॉक्टर म्हणे, आता घरी न्या. तुमची काकू म्हणे, आता तरी त्या गाडीत न्या. मी घरी गेलो, प्लास्टिक काढलं, गाडी दवाखान्यात आणली. मागं डावीकडे बसवलं तिले, दोन उशा लावून. माझं ध्यान इंजिनाकडे. एवढी गोड कधीच चालली नव्हती, ताई."

मी ती ओळ शोधायला फाइल उघडली.

"सीताबर्डीच्या सिग्नलवर लोकं फोटो काढून राहिले. एक मोटरसायकलवाला म्हणे, काका, मावशी झोपल्या. मग मी हळू चालवली. झोपमोड नको म्हणून. घरापर्यंत हळू चालवली."

मला रडू फुटलं. रागही आला, त्यांचा, माझा, त्या ठळक अक्षरांचा. काय अडलं होतं एक चक्कर मारायला? पण आता कोणाला विचारणार?

"ओळ काढून टाकते," मी म्हटलं.

"नुसती काढू नका. लिहा, एक बाई एकदा बसली होती."

"कोण घेईल मग? आणि आता विकायची तरी कशाला?"

"मले तिकडे पाहवत नाही जी. खोटं लिहू नका."

मी लिहिलं. तरीही दोन महिन्यांनी गाडी गेली. त्यानंतर काकाही शेडला कुलूप लावून मुलीकडे निघून गेले. माझ्या डाव्या हाताला आता कोणी खुर्ची मांडत नाही.

गाडी गेली त्या सकाळी मी तिथं होते. अमरावतीचे एक गृहस्थ बायकोला घेऊन आले होते. टप उघडा टाकला. पुढं सामानाच्या पिशव्या ठेवल्या होत्या म्हणून बाई हौसेनं मागे, डावीकडे बसल्या. काका किल्ली देता देता थांबले.

"बाई, तुम्ही उजवीकडे बसा जी. तिथून बोललेलं समोर ऐकू येत नाही."

"ह्यांना सगळं ऐकू येतं हो," बाई हसून म्हणाल्या, आणि सरकून बसल्या.